मावशीचं बटण आणि काकांची बोटं

माझ्या मावशीची सगळी नोकरी पाणीपुरवठा कार्यालयात, तक्रारींच्या खिडकीत गेली. निवृत्त झाल्यावर ती जरा स्वस्थ बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण लहानपणी शिकलेला पियानो तिच्या डोक्यात वळवळत होता. मी तिला कॉम्प्युटरवर स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर घालून दिलं, आणि ती गावातल्या हौशी बँडसाठी सुरावटी रचायला लागली.

त्याच बँडमध्ये तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, क्लॅरिनेट वाजवायचे. काका पेशाने वायरमन, स्वभावाने अबोल.

क्लॅरिनेटची एक गंमत आहे. कागदावर जो सूर लिहिलेला असतो, त्याहून एक सूर खालचा ऐकू येतो. म्हणून त्याचा कागद एक सूर चढवून लिहावा लागतो. सॉफ्टवेअर हे आपणहून करतं. त्यात ‘कॉन्सर्ट पिच’ म्हणून एक बटण असतं. ते चालू असेल तर सगळी वाद्यं कानाला ऐकू येतील तशी पडद्यावर दिसतात, आणि बंद केलं की वाजवणाऱ्याच्या कागदावर असतील तशी. मावशीने ते बटण कधी बंद म्हणून केलं नाही.

“अगं, कधीतरी माझा कागदही बघत जा,” काका म्हणायचे.

“मला कानाशी मतलब. कागदाचं मशीन बघून घेतं.”

बँडच्या वार्षिक कार्यक्रमासाठी तिने एक नवी रचना केली आणि मधला एकट्याने वाजवायचा तुकडा खास काकांना दिला. पियानोवर शेजारशेजारच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांवर झुलणारी साधी, गोड सुरावट. काका माळ्याखालच्या खोलीत दार लावून रियाज करायचे आणि आतून क्लॅरिनेटच्या नुसत्या किंचाळ्या ऐकू यायच्या. पण तक्रार एका शब्दाची नाही.

मावशी धास्तावली. यांची बोटं आखडली, वय झालं, असं तिने मनाशी धरलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून गुपचूप बँडमास्तरांना फोन करून तो तुकडा बासरीवालीला द्यायला सांगितलं. बँडमास्तरांच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी काका तालमीहून आले, क्लॅरिनेटची पेटी कोपऱ्यात ठेवली आणि जेवायला बसले. वाढून घेतानाही “पुरे” म्हणाले नाहीत, नुसता हात आडवा केला.

“अहो, मी तुमच्या बोटांसाठीच…”

“माझ्या बोटांना काय झालंय?”

त्यांनी क्लॅरिनेट जोडलं आणि तिच्या हातात दिलं. “हा तुझा पहिला सूर. एक बोट ठेव. झालं. आता दुसरा. अंगठ्यासकट सगळी भोकं झाक. करंगळीही लागते. आता पहिल्यावर ये. परत दुसऱ्यावर जा. झुलव.”

मावशीने झुलवून पाहिलं. दोन भोकं झाकली तर तिसरं उघडं पडायचं, मग क्लॅरिनेटच निसटायला लागलं. तिला हसू आवरेना.

“मग आधीच सांगायचं ना.”

“तू पहिल्यांदा माझ्यासाठी म्हणून काही लिहिलंस. त्यात खोट कशी काढू?”

मावशी उठून कॉम्प्युटरसमोर बसली, बटण बंद केलं आणि काकांची ओळ त्यांच्या कागदावर दिसते तशी पहिल्यांदा वाचली. मग त्यांना शेजारी बसवून तिने सबंध रचना एका सुराने खाली उतरवली. आता त्या दोन सुरांपैकी एकाला बोटच लागेना आणि दुसऱ्याला एकच लागायचं. बँडमास्तरांना परत फोन गेला. बासरीवालीने तुकडा आनंदाने परत दिला, कारण तिला तो फार संथ वाटत होता.

कार्यक्रमात काकांनी तो तुकडा इतका हळुवार वाजवला की माझ्या शेजारच्या बाईंनी खोकला दाबून धरला.

मावशी अजूनही बटण चालू ठेवूनच रचते. पण ओळ पुरी झाली की ते बंद करते आणि ज्याची ओळ त्याला वाद्यासकट घरी बोलावते. ट्रम्पेटवाला न्हावी येतो, सॅक्सोफोनवाल्या परिचारिकाबाई येतात. मावशी त्यांना समोर बसवते आणि बोटं कुठून कुठे जातात ते चष्मा लावून बघते. काका चहा करतात. पुढचा मोठा तुकडा सॅक्सोफोनला गेलाय, त्यामुळे त्या बाईंच्या चहात साखर जरा कमी पडते.