मान खाली घालायला शिकलेल्या सुमनताई

मी आदिलाबादच्या कचेरीत नोकरीवर रुजू झाले त्या सकाळी सुमनताई ढवळे साहेबांशी वाद घालत होत्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची दरखास्त घाईघाईत परत फिरवली गेली होती. ताईंनी ती पुन्हा साहेबांच्या टेबलावर ठेवली. "वाचून तर पाहा साहेब, मंग नाई म्हना." साहेबांनी वाचली आणि सही केली. मी दारातच उभी होते. ही बाई आपल्याला जड जाणार, हे मी तेव्हाच ओळखलं. त्या जड निघाल्याही, पण फक्त पाण्यात!

ताईंच्या कामाबद्दल साठीच्या या गौरव अंकात इतर सहकारी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते त्यांच्या पोहण्याबद्दल, कारण ते मी काठावर उभी राहून पाहिलं आहे.

ताईंचं माहेर पैनगंगेच्या काठचं. राज्यांची नव्याने आखणी झाली आणि नदी सीमा ठरली. घर अलीकडच्या राज्यात, शेत पलीकडच्या. पावसाळ्यानंतर धार जरा उतरली की वडिलांची शिदोरी डोक्यावर बांधून लहानगी सुमन नदी पोहून जायची. भाकर भिजली तर बाप उपाशी, एवढंच तिला ठाऊक. त्यामुळे हातपाय कसेही चालोत, डोकं पाण्याबाहेर ताठ. असं पोहणं अंगात मुरलं ते कायमचं.

पन्नाशी उलटल्यावर आदिलाबादच्या तरणतलावावर प्रौढांच्या स्पर्धेत ताई पहिल्यांदा उतरल्या आणि शेवटच्या आल्या. दुसरी कुणी असती तर तिने घरी जाऊन चहा टाकला असता. ताईंनी प्रशिक्षकांना गाठलं आणि विचारलं, "काऊन मांग राह्यली मी?" प्रशिक्षक तेलुगू बोलणारे, पण ताईंशी हिंदीत बोलत. ते म्हणाले, "अक्का, गर्दन नीचे करो. सर ऊपर, तो पैर डूबते." राज्याच्या स्पर्धेसाठी निवड व्हायची तर पन्नास मीटर एका मिनिटाच्या आत पोहावं लागायचं. ताईंनी तेच मनावर घेतलं. आम्ही चिडवायचो, "ताई, तुम्हाला मान खाली घालायला सांगणारा अखेर भेटला!" त्याही हसायच्या. पण पाण्यात उतरल्या की मान पुन्हा वर.

दरम्यान त्यांनी कचेरीतल्या आम्हा चौघींना पोहायला शिकवलं. माझ्या सासूबाईंचा याला कडाडून विरोध होता. ताई घरी आल्या, चहा घेतला आणि मला बाजूला सारून थेट त्यांनाच म्हणाल्या, "तुमी बी चला मावशी. पोरीच्या कपड्याची थैली कोन सांभाळन?" सासूबाई आल्या. महिनाभरात त्या काठावरून मलाच ओरडू लागल्या, "पाय मार ना वं, झोपली का?" आमच्या घरातली एक मोठी गाठ ताईंनी अशी सोडवली. त्याचे उपकार मी विसरू शकत नाही.

मग जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कचेरीतल्या फायलींचे बस्ते वाटले गेले, तशी माणसंही वाटली गेली. ताईंच्या वाट्याला बेज्जूर आलं, नव्या जिल्ह्यातलं, रानातलं. तिथे तरणतलाव कुठला! प्राणहिता जवळ, पण त्या धारेत सराव करणं म्हणजे जिवाशी खेळ. निरोप देताना आम्ही रडलो. एका मिनिटाचं स्वप्न आता संपलं, असं मी तर धरूनच चालले होते.

ताईंनी मात्र अंगणात मोठं घंगाळ मांडलं. रोज सकाळी त्यात तोंड बुडवायचं, पाण्यात श्वास सोडायचा, मान वळवून घ्यायचा, पुन्हा बुडवायचं. पहिल्याच दिवशी शेजारीण धावत आली. "अवं बाई, घंगाळात जीव देऊन राह्यल्या का?" ताई नाकातोंडातलं पाणी निथळत म्हणाल्या, "जीव नाई वं, मान देऊन राह्यली." महिन्यातून एखाद्या रविवारी लांबचा प्रवास करून त्या आदिलाबादला येत आणि पाण्यात पडून पाहत. दर खेपेला मान जरा अधिक खाली गेलेली दिसे.

त्या वर्षी राज्याच्या स्पर्धेसाठी निवडीच्या वेळी वेगळंच घडलं. नव्या जिल्ह्यातून ताईंच्या वयोगटात दुसरं नावच नव्हतं, म्हणून मिनिटाची अटही कुणी लावणार नव्हतं. आयोजकांचा फोन आला, "मॅडम, आपका तो पक्का है. तैरने की भी जरूरत नहीं." ताईंनी मला ते कळवलं तेव्हा मी आनंदाने उडालेच. ताई चिडल्या. "एकटी पळाली अन् पयली आली, असं नाई पायजे मले." त्यांनी आयोजकांना गळ घातली: आदिलाबादच्या बायकांसोबत मला पोहू द्या, मिनिटाच्या वर गेले, तर माझं नाव काढून टाका. हातची निवड अशी पणाला लावणारी बाई मी पाहिली नव्हती. मी त्यांना वेड्यात काढलं, चांगली भांडलेही.

आयोजकांनी मानलं, आणि आदिलाबादच्या तलावावर शिट्टी झाली. ताईंनी सूर मारला आणि डोकं पाण्यात गेलं ते गेलंच. श्वासापुरता चेहरा वळायचा, पुन्हा खाली. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या, मी नुसतीच किंचाळत होते. भिंतीला हात लागला. प्रशिक्षकांनी घड्याळ उंच धरलं आणि ते ओरडले, "अंदर! अक्का, मिनट के अंदर!" मी विचारलं, "ताई, नंबर कितवा?" त्या धापा टाकत म्हणाल्या, "मले काय माहीत? मी तं खाली पाहून राह्यली होती." नंबर दुसरा होता. मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो माझ्या स्वतःच्या कुठल्याही यशाने दिलेला नाही.

आज ताई साठीच्या झाल्या. लोक साठी म्हटलं की आता आराम करा म्हणतात. प्रौढांच्या पोहण्यात मात्र दर पाच वर्षांनी गट बदलतो. त्यामुळे काल आपल्या गटात सगळ्यांत थोरल्या असलेल्या सुमनताई आजपासून नव्या गटात सगळ्यांत धाकट्या आहेत! ताई, असे पुष्कळ गट बदला, आणि दर वेळी धाकट्या व्हा. पाण्यातला वेळ घटत जावो, आयुष्य मात्र वाढत जावो.