साकवावरचा नारळ

अर्धं अंगण सारवून झालं होतं, हात शेणाने भरलेले, तेवढ्यात भावजी पायरीवर येऊन उभे राहिले. "वहिनी, एक नारळ सोलून द्या. शेंडी राहू दे."

काशीराम भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. देशावरच्या एका लहान ठेसनात अकरा वर्षं सांधेवाले. खटका ओढून गाडी या रुळावरून त्या रुळावर घेतात, बावटा दाखवतात. पुढे रूळ एकेरी. एका वेळी एकच गाडी जावी म्हणून लोखंडी गोळा असतो. तो ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी हलत नाही. "आत लाटसाहेब बसलेला असो, गोळा नाही तर बावटा नाही," असं भावजी जेवताना ऐटीत सांगतात.

शिमग्याला आमची आणि खालच्या गावची पालखी ओढ्यावरच्या साकवावर समोरासमोर येते. साकव एका पालखीपुरता. गेल्या साली आधी कोण यावरून काठ्या निघाल्या, ह्यांचं कपाळ फुटलं. यंदाही काठ्या तयार होत्या. रजेवर आलेल्या भावजींनी दोन्ही गावच्या गुरवांना गाठलं. जी पालखी आधी पोचेल तिला नारळ. नारळ हाती असेल त्यानंच साकवावर यायचं, पार झाल्यावर तो दुसऱ्याला द्यायचा. दोघेही कबूल झाले.

आधी पोचली खालची पालखी. आमचे लोक खवळले. आमच्या पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा ह्यांचाच.

"बाजूला हो, काशा!"

"नारळ कुठाय, दादा?"

"घरचा नारळ, घरचा भाऊ, आणि आपलीच देवी उन्हात?"

"मेलगाडीसुद्धा उभी राहते, दादा. देवी तर समजूतदार."

मागून आमच्याच गावचा दादू ओरडला, "रेल्वेचा जावई झालास काय रे?" लोक हसले. भावजी हात पसरून साकवाच्या तोंडाशी तसेच उभे. देवीला ताटकळवणं मलाही रुचेना. पण ह्यांचं कपाळ मीच धुतलं होतं. मी देवीला हात जोडले.

खालची पालखी पार झाली. त्यांच्या गुरवाने नारळ आमच्या गुरवाला दिला, तेव्हाच भावजींचे हात खाली आले. "आता चला." एकही काठी उठली नाही.

हे अजून भावजींशी बोलत नाहीत. पण आज सकाळी मला म्हणाले, "विचार त्याला, पुढल्या शिमग्याला रजा मिळेल काय?"

मी विचारलं. भावजी म्हणाले, "दादांना सांगा, अर्ज आजच लिहितो."

आणि टपालाचं कार्ड आणायला हातखंब्याच्या पोस्टात गेले.