मोटेच्या बैलाचं राज्य आणि इराणचा शहा

इराणच्या शहाला त्याच्याच लोकांनी तख्तावरून खाली ओढल्याची बातमी ओतुरात आली, तेव्हा माझी गोष्ट नुकतीच पुण्याहून छापून आली होती. इतरांनी योगायोग म्हटलं. मला तो देवाने धाडलेला दाखला वाटला.

गोष्ट अशी. एका बागेतले बैल आळीपाळीने मोट ओढत. त्यांतल्या रुंद खांद्याच्या एकाला बाकीच्यांनी राजा केलं आणि त्याची मान जुवातून मोकळी केली. कावळे त्याच्या पाठीवर बसून गोचीड टिपायचे आणि सांगायचे, महाराज, पाट भरून वाहतोय. विहिरीत त्याने कधी डोकावलं नाही. बाग वाळली, बैल विचारायला आले, तर त्याने शिंगं रोखली. शेवटी सगळे बैल काम टाकून खाली बसले. तेव्हा राजाने एकट्याने जू मानेवर घेतलं. पण बसून खाल्लेली मान ती, पहिल्याच ओढीला सोलून निघाली आणि तो विहिरीच्या काठावर गुडघ्यांवर आला.

छापील मजकूर इथे संपे. पुढचं मी तोंडी सांगत असे, कारण इंग्रज सरकारच्या धाकाने ते छापायला कोणी छापखानेवाला तयार नव्हता. शहाचेही कावळे होते. त्याने लोकांनी निवडलेल्या सभेवर तोफा डागल्या आणि बाजी उलटल्यावर परक्यांच्या वकिलातीत जाऊन दडला. माझा बैल निदान शेवटी जुवात मान घालतो. शहाने मान घातली ती रशियाच्या छपराखाली. गोष्टीतला राजा नालायक खरा, पण खऱ्या राजाला त्याची सर नाही! या वाक्याला ओतुरात टाळ्या पडत. पण टाळ्या देणारे सगळे आधीच आपल्या बाजूचे. ज्यांनी शहाही ऐकला नाही आणि सभाही, त्यांच्यापुढे बोलायचं म्हणून मी डोंगराकडच्या मढला गेलो. तिथले पाटील नात्याने माझे मामा. त्यांनी आपली ओसरी मोकळी करून दिली.

तो पोळ्याचा आदला दिवस. लोक बैलांचे खांदे हळद-तुपाने मळत होते आणि त्यांच्या कानाशी लागून उद्याच्या जेवणाचं आवतण देत होते. गाव आयतं गोळा झालंय, एवढंच मला दिसलं. मी गोष्ट वाचली, मग शहा सांगितला. टाळी एक नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, राजा कराया दुसरं जनावर गावलं न्हाई व्हय? आणि सगळे उठून बैलांकडे गेले. मी चिडलो. गुलामगिरी यांच्या हाडांत मुरलीय, असं मामांना बोललोही. मामांचं लक्ष ओतुराकडच्या वाटेवर होतं.

दुसऱ्या दिवशी बैल वेशीत उभे असताना त्याच वाटेने फौजदार घोड्यावरून आला. तुरुंगाची मला भीती नव्हती. त्याची तयारी सरकारविरुद्धची पत्रकं वाटतानाच झाली होती. पण पाटीलकी मामांची होती, माझी नव्हती. ज्या पाटलाच्या ओसरीवर राजद्रोह वाचला जातो, त्याला सरकार पाटील ठेवत नाही. मामांचा फेटा घामाने भिजलेला दिसला तेव्हा हे मला उमगलं.

फौजदाराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने मामांना विचारलं, याने नुसता बैल सांगितला, की कुण्या जित्या राजाचंही काही बोलला?

मी तोंड उघडणार, तोच मामांनी मला हाताने मागे लोटलं.

"राजाचं काय घेऊन बसलाव, सायेब," ते म्हणाले. "यानं पोळ्याच्या तोंडावर बैलाला ऐतखाऊ म्हनलं. माज्या ओसरीवर! गावाला काय तोंड दावू मी?"

मागून गाव बोलायला लागलं. कुणी म्हणे बैल बसून खातो व्हय, कुणी म्हणे हा शिकून वाया गेला. ते रागावले होते ते मनापासून. मामा मनापासून रागावले होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. फौजदाराने मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, मग गुन्हा बैलाचा झाला. बैलाचीच माफी मागू दे.

माझ्या अंगाची लाही झाली. सगळी राज्यं उलथवायला निघालेला मी, झूल घातलेल्या जनावरापुढे वाकू? नाही म्हणायला शब्द ओठांवर होता. तेवढ्यात मामांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

मी वाकलो. बैलाच्या खुरांना हात लावला, मामींनी दिलेली पुरणपोळी त्याच्या तोंडाशी धरली. त्याने ती माझ्या बोटांसकट चाटून घेतली. गाव हसलं. मामांनी श्वास सोडला.

फौजदार घोड्यावर बसला आणि प्रथमच माझ्याशी बोलला, हळू, मामांना ऐकू जाणार नाही असं.

"तुझा शहा कुठे दडला, ते ओतुरातच ऐकलं मी. बैल कुठे दडला?"

"दडला नाही," मी म्हणालो. "तिथेच गुडघ्यांवर राहिला, सगळ्यांसमोर."

त्याने हात पुढे केला. मी गोष्टीची एक प्रत दिली. ती त्याने चार घड्या करून खिशात घातली, फाडली नाही, आणि आला त्या वाटेने गेला.

बैलांची मिरवणूक सुरू झाली. मामा वाजंत्र्यांपुढे चालत होते, पण दर थोड्या पावलांनी मागे वळून त्या वाटेकडे बघत होते. मीही बघत होतो.