शिवणीतली माया

टाचणीमास्तर दुकानात असले की त्यांच्या तोंडात टाचण्या असत, आणि तोंडात टाचण्या असल्या की माणसाला भांडता येत नाही. मास्तरांच्या शांत स्वभावाचं एवढंच काय ते गुपित, असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची. पण टाचण्या काढल्यावरही मास्तर फारसं बोलत नसत. गिऱ्हाईक दारात उभं राहून तणतणायचं, "परवा देतो म्हणालात, तो परवा उगवायचाय कधी?" मास्तर नुसते हसायचे आणि त्याच्या कोटाची बाही उचलून दाखवायचे. बाही इतकी नेटकी उतरलेली असायची की गिऱ्हाईक आपण कशासाठी चिडलो होतो तेच विसरायचं.

दुकान चावीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये कसंबसं दाबून बसवलेलं. मागून लाकडी जिना वर जायचा, वर दोन खोल्यांत संसार. लेक लग्न होऊन त्याच शहरात पलीकडच्या टोकाला राहत होती. दुपारी शटर अर्धं खाली ओढलं की रस्त्यावरचं ऊन जमिनीलगत आत सरकायचं, त्यात खडूची पूड तरंगायची, इस्त्रीची वाफ वर जाताजाता मध्येच विरायची. अशा वेळी मास्तर मशीनवर हात ठेवून बसत आणि आपण जागे आहोत की डुलकी लागलीय, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नसे.

स्वप्नं त्यांना भरभरून पडत. कापडाचा तागा उलगडत जिन्यावरून खाली येतोय, रस्ता ओलांडून पुढे चाललाय आणि आपण खडू घेऊन त्याच्या मागे. कधी दारात नुसताच एक कोट येऊन उभा राही, आत माणूसच नाही, आणि मास्तर अदबीनं त्याच्या खांद्याचं माप घेत. सकाळी ते हे सगळं बायकोला सांगत. दिवसभरात ते जेवढं बोलत, त्यातलं निम्मं या स्वप्नांबद्दल असे. बायकोही पोळ्या लाटता लाटता विचारायची, "मग? त्या कोटाला कंबरेत घट्ट झालं का?"

पुढे पुढे स्वप्नांत एक कुत्रं यायला लागलं. काळं, थोराड, कोणाचा तरी नवाकोरा कोट दातांत धरून ओढत नेणारं. मास्तर त्याच्या मागे धावत, ओरडत, लाथा झाडत. नुसतं स्वप्नात नव्हे, अंथरुणातही. बायको आधी हसायची. "भीक नको पण कुत्रं आवर," म्हणत ती पांघरूण घेऊन भिंतीकडे सरकायची. मग एकदा पहाटे मास्तरांनी त्या कुत्र्याच्या तोंडावर सगळा जीव एकवटून ठोसा मारला, आणि जाग आली तेव्हा बायको नाक दाबून बसली होती. बोटांमधून रक्त येत होतं.

डोळ्याखाली काळंनिळं झालं. बायको सगळ्यांना सांगत सुटली की कपाटाचं दार लागलं. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? कपाटाचं दार काय असतं ते गल्लीतल्या बायकांना पक्कं ठाऊक. चावीवाला झेरॉक्सवाल्याला म्हणाला, "गोगलगाय अन् पोटात पाय!" गणवेशाचं माप द्यायला आलेल्या शाळेतल्या बाईंनी तर तिचा हात हातात घेऊन हळूच सांगितलं, "सहन करू नका. काही लागलं तर माझ्याकडे या." बायको आधी हसली, मग इतकी संतापली की बाईंना चहासुद्धा विचारला नाही. मास्तर पडद्यामागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. तोंडात टाचण्या होत्याच.

त्याच दिवशी त्यांनी आपली गादी खाली आणली आणि कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर अंथरली. बायकोनं वरून हाका मारल्या, जिन्यात उभी राहून भांडली, रुसली. मास्तर एकच म्हणाले, "तुझ्या अंगावर हात उचललाय मी."

"झोपेत!"

"हात माझाच होता ना?"

जन्मभर ज्या माणसाला मुंगीवर पाय पडला तरी हळहळताना पाहिलं, तो असा टेबलावर एकटा निजायला लागला, हे तिला ठोशापेक्षा जास्त लागलं. मास्तरांचं मन तर वरच्या खोलीतच राहिलं होतं. आपल्याला पुन्हा तिच्या शेजारी निजता यायला हवं, याखेरीज त्या दिवसांत त्यांना दुसरं काही नको होतं. तेवढं मागायची मात्र हिंमत नव्हती.

लेकीच्या कानावर गेलं तेव्हा तिनं दोघांनाही जवळजवळ ओढतच मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे झोपेचा वेगळा विभाग होता. "झोपेला पण डॉक्टर असतात?" बायकोनं विचारलं. होते. एक तरुण डॉक्टरीण होती, आणि झोपेच्या डॉक्टरला शोभेल अशी तिची स्वतःची झोप अपुरी दिसत होती. तिनं मास्तरांच्या डोक्याला, हनुवटीला, पायांना तारा चिकटवल्या, वर कॅमेरा लावला आणि म्हणाली, "आता घरच्यासारखं झोपा, काका." इतक्या तारा लावून घरच्यासारखं कोण झोपतं? पण मास्तर झोपले.

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांना ते चित्रण दाखवलं. स्वतःला झोपलेलं पाहणं हा विचित्रच प्रकार. पडद्यावर एक म्हातारा मिटल्या डोळ्यांनी पडला होता. मग त्याचा उजवा हात पांघरुणातून बाहेर आला. चिमटीत काहीतरी धरलेलं, ते वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर.

"अगंबाई, काज करताय तुम्ही!" बायको ओरडली.

खरोखर काजच. न दिसणाऱ्या कापडावर, न दिसणाऱ्या सुईनं, अगदी सबुरीनं घातलेले टाके. तिघंही पाहत राहिली. मग त्या म्हाताऱ्याचा चेहरा वाकडा झाला, हाताची मूठ झाली आणि उशीवर दणादण बसू लागली. मास्तरांनी मान फिरवली.

"पाहा, काका, तुमच्यासाठीच लावलंय," डॉक्टरीण म्हणाली. "आपण स्वप्न बघतो तेव्हा मेंदू अंगाला कडी घालून ठेवतो. स्वप्नात कितीही धावा, पाय हलत नाहीत. तुमची ती कडी सैल झालीय. हा आजार आहे. राग नव्हे, स्वभाव तर नव्हेच."

बायकोनं डोळ्याला रुमाल लावला. मास्तरांच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं होतं. डॉक्टरणीनं झोपताना घ्यायची गोळी लिहून दिली, अंथरुणाजवळ टोकदार काही ठेवू नका म्हणाली, सुरुवातीला मध्ये लोड ठेवा म्हणाली. बऱ्याच जणांना यानं आराम पडतो, सगळ्यांना नाही, हेही सांगितलं.

मग तिनं खुर्ची पुढे ओढली. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली की समजावं.

"अजून एक आहे. ही कडी ज्यांची सैल होते, त्यांच्यातल्या पुष्कळांना पुढे काही वर्षांनी कंपवात होतो. हात थरथरतात, हालचाल मंद होते. प्रत्येकालाच होतो असं नाही. तो आधीच ओळखता येतो का, यावर आमचं संशोधन चाललंय. कातडीचे बारीकसे तुकडे घ्यायचे, आणि त्यातल्या नसांमध्ये एका प्रथिनाच्या गुठळ्या दिसतात का ते पाहायचं. पण आजार थांबवणारं औषध अजून हाती नाही, ते शोधताहेत. त्यामुळे निकाल ऐकायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं."

मास्तरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. शिंप्याला सांगायचं की हात थरथरतील! त्यापेक्षा डोळे जातील म्हटलं असतं तर परवडलं असतं. सुई ओवून द्यायला बायको होती.

पण त्यांनी तुकडे दिले. मानेमागचा एक, मांडीचा एक, घोट्याच्या वरचा एक. सुई टोचून भाग बधिर केला होता, दुखलं नाही. "नमुना कापून नेलात," एवढंच ते म्हणाले. आणि निघता निघता दारात थबकले.

"डॉक्टर, एक सांगा. माया आहे का?"

डॉक्टरीण गोड हसली. "आहे ना! काकू बघा किती प्रेमानं सोबत आल्यात. घरच्यांची माया असली की अर्धा आजार—"

बायको इतकी हसायला लागली की तिला खुर्ची धरावी लागली. "अहो डॉक्टर, ती माया नव्हे! शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवतात ना, तिला माया म्हणतात. माणूस जाड झाला की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगात बसतो. ते विचारतायत, आत काही शिल्लक आहे का?"

डॉक्टरणीचं हसू थांबलं. ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली. "आहे, काका. मेंदू भरपूर माया ठेवून शिवलेला असतो. आतल्या पेशी कमी कमी होत जातात तरी कित्येक वर्षं बाहेर काही दिसत नाही, कारण तो ही माया वापरत असतो. हात थरथरतो तेव्हा तिच्यातली बरीच संपलेली असते. म्हणून तर आम्हाला आधी गाठायचंय, ती शिल्लक असताना."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांना सगळं समजलं होतं, आणि समजल्यामुळेच भीती वाटायला लागली होती.

गोळी लागू पडली. कुत्रं यायचं थांबलं नाही, पण आता ते लांबूनच जायचं. टेबलाच्या कडेला लावलेला लोड सकाळी जागच्या जागी असायचा. बायको जिन्यातून विचारायची, "मग आज येताय ना वर?" मास्तर म्हणायचे, "बघू." दिवस गेले, आठवडे गेले, आणि मास्तर बघतच राहिले. नवं काम घेईनात. गिऱ्हाईकाला दुसऱ्या शिंप्याचा पत्ता देऊ लागले. कात्र्यांना तेल देऊन त्या कापडात गुंडाळून ठेवू लागले.

एका दुपारी बायको खाली आली, शटर पार खाली ओढलं आणि त्यांच्या समोर बसली.

"काढा त्या टाचण्या."

मास्तरांनी एकेक टाचणी काढून मशीनवरच्या छोट्या उशीत खोचली.

"झोपेत हात उठत नाही आता. मग वर का येत नाही?"

"उद्या हे हात कामातून गेले तर? बटण लावायला तू, घास भरवायला तू. त्यापेक्षा आत्तापासूनच सवय—"

"कसली सवय? माझ्याशिवाय राहायची? की मला तुमच्याशिवाय राहायची?" तिचा आवाज फाटला. "निकाल अजून ऐकला नाहीत आणि शिक्षा भोगायला लागलात! मलाही भोगायला लावताय. मला विचारलंत तरी?"

मास्तरांनी तिला खरंच विचारलं नव्हतं. इतकी वर्षं लोकांची मापं घेतली, पण हिच्या बाबतीत सगळं अंदाजपंचे बेतून मोकळे झालो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"चल," ते म्हणाले. "ऐकून येऊ."

डॉक्टरणीनं पुन्हा विचारलं, नक्की ऐकायचंय का. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "सांगा."

गुठळ्या सापडल्या होत्या. तिन्ही तुकड्यांत. डॉक्टरीण सांगत होती: याचा अर्थ उद्याच काही होईल असं नाही, कधी होईल ते कोणालाच सांगता येणार नाही, भरभर चालण्याचा, व्यायामाचा एक अभ्यास सुरू होतोय, त्यात याल का, एका नव्या औषधाची चाचणीही आहे, त्यात कोणाला खरं औषध आणि कोणाला नुसती साखरेची गोळी, हे आम्हालाही कळणार नाही. मास्तर ऐकत होते. शब्द येत होते, खडूच्या पुडीसारखे तरंगत होते, खाली बसत नव्हते. बायकोनं मात्र नीट ऐकलं, चालण्याच्या अभ्यासात त्यांचं नाव घातलं आणि आपलंही घाला म्हणाली. तिला नाही घेता येणार, असं डॉक्टरणीनं सांगितलं. "मग मी नुसतीच चालेन," ती म्हणाली.

दोघं घरी आली तेव्हा दुपार कलायला लागली होती. मास्तर सवयीनं टेबलाकडे वळले. टेबल रिकामं होतं. गादी नव्हती. निघण्यापूर्वीच तिनं ती वर नेऊन टाकली होती, म्हणजे निकाल काही का असेना.

ते जिना चढून गेले. खिडकीचा पडदा ओढलेला, खोलीत पिवळसर उजेड. ती भिंतीकडच्या बाजूला आडवी झाली होती. मध्ये लोड नव्हता.

"लोड?" मास्तर म्हणाले.

"नको."

"आणि हात थरथरायला लागला तर?"

"लागू दे. माझ्याजवळ असला तर मला कळेल तरी, मारतोय की थरथरतोय."

मास्तर कडेला आडवे झाले, अंग चोरून. झोपायचं नाही, नुसतं पडून राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तिनं काही न बोलता त्यांचा उजवा हात ओढून घेतला, आपल्या गालाखाली ठेवला आणि थोड्याच वेळात ती घोरायला लागली. किती दिवसांची जागी होती कोण जाणे. मास्तर छताकडे बघत राहिले. त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीतही बरं वाटत होतं. खालून चावीवाल्याची कानस ऐकू येत होती, मध्येच थांबत होती. तिच्या डोक्याच्या भारानं हळूहळू बोटं जड झाली, बधिर झाली, मग हातभर मुंग्या आल्या. मास्तरांनी हात काढून घेतला नाही.