खालच्या आजोबांचा सॉस

प्रिय इरा आणि ओम,

मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत की आपल्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या स्पॅगेटीच्या सॉसमध्ये नेमकं काय असतं, आणि मी काहीतरी बोलून विषय बदलला. कारण असं, की त्या सॉसची कृती सांगायची तर त्यांच्या नाकाची हकिगत सांगावी लागते, आणि ती कुणाला सांगणार नाही असा मी त्यांना शब्द दिला होता. मागच्या सोमवारी त्यांनी स्वतःच ती भर पेठेत सांगून टाकली, म्हणजे मी मोकळी झाले. खालच्या आजोबांना वास येत नाही. ज्या हळदपेठेत त्यांच्या नाकाला जन्मभर मान होता, तिथे त्यांनी ही गोष्ट लपवून ठेवली होती, आणि ती लपवता लपवता ते सॉस करायला शिकले. आता क्रमानं सांगते.

सांगलीत त्यांच्याइतका संशयी माणूस झाला नाही, आणि पार मिरजेपर्यंत शोधलं तरी सापडायचा नाही. पाऊस थांबला तरी हे छत्री मिटत नाहीत. ‘थांबल्यासारखं दाखवतोय’ म्हणतात. कृष्णेचं पाणी वाढलं की सगळी सांगली बातम्या ऐकते, हे स्वतः घाटावर जाऊन कितवी पायरी बुडाली ते बघून येतात, आणि परत येताना दुसऱ्या रस्त्यानं येतात, का ते मी कधी विचारलं नाही. डॉक्टरांनी ‘तब्येत उत्तम आहे’ म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. साताऱ्याहून माझ्या भावानं कंदी पेढे पाठवले, तेव्हा मी त्यांना पुडा नेऊन दिला. त्यांनी एक पेढा नखानं खरवडून आत पाहिला आणि मला म्हणाले, “वैनी, सातारकर मानूस कारन असल्याबिगर गोड देत न्हाई.” मी साताऱ्याची आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच म्हणाले असावेत.

पण हा संशय म्हणजे त्यांचा धंदा होता. हळकुंड हातात घेतलं की ते आधी मोडून त्याचा आवाज ऐकत, मग आतला रंग बघत, आणि शेवटी डोळे मिटून नाकाशी धरत. पोत्याच्या तोंडाशी उत्तम माल आणि तळाशी ओल लागलेला, ही लबाडी डोळ्यांना दिसत नाही, ती फक्त वासाला कळते. हळदीचा धंदा मुलाकडे सोपवल्यावरही दोन व्यापाऱ्यांचं पटेना की माणसं पिशवीत नमुना घेऊन आपल्या इमारतीच्या पायऱ्या चढत, खालच्या आजोबांच्या गॅलरीत बसत, आणि हे म्हणतील ते मानून उठत. आमच्या घरी फोडणीला लसूण टाकला की जिन्यातून जाता जाता ते ‘आज जास्त झाला’ असं सांगून जात. त्यांचं घर जैनांचं. कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत नाही आणि दिवस मावळल्यावर जेवण नाही. मी एकदा त्यांना चिडवलं होतं, “अण्णा, कांदा जमिनीखालचा म्हणून चालत नाही, मग हळद कशी चालते?” ते शांतपणे म्हणाले, “हळद वाळती. कांदा वाळत न्हाई, सडतो. सडनाऱ्यावर इस्वास ठेवू ने.”

आता तुमच्या त्या उन्हाळ्याच्या सुट्टीकडे येते. ओमनं भाकरी, आमटी, भात सगळ्यांशी असहकार पुकारला होता आणि त्याला फक्त स्पॅगेटी हवी होती. मी दुकानातून सॉसची बाटली आणली. खालचे आजोबा तेव्हा आमच्याकडे वर्तमानपत्र परत करायला आले होते. (पानं सगळी आहेत का ते माझ्यासमोर मोजून परत करतात.) त्यांनी बाटली उलटीसुलटी केली, भिंग मागवून लेबल वाचलं, झाकण उघडून नाकाशी धरली आणि निकाल दिला, “ह्येला वासच न्हाई. रंगाचं पानी हाय.” मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते आणि तिथपर्यंत लसणाचा भपकारा येत होता. पहिल्यांदा माझ्या मनात शंका आली. संशय हा संसर्गजन्य असतो, मुलांनो. दोन मजल्यांचं अंतर त्याला पुरत नाही.

‘पोरांच्या पोटात बाटलीतलं जाऊ द्यायचं न्हाई’ असं म्हणून त्यांनी सॉस घरी, स्वतःच्या डोळ्यांसमोर करायचा ठरवला. सूनबाई माहेरी गेल्या होत्या, स्वयंपाकघर मोकळं होतं. टोमॅटोसाठी ते मंडईत सकाळी गेले ते उन्हं डोक्यावर आल्यावर परतले, कारण एकाच गाड्यावरचे सगळे टोमॅटो चांगले असतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. प्रत्येकाच्या बुडाला फुली मारून ते उकळत्या पाण्यात टाकले, सालं काढली. “साल म्हंजे लपवाछपवी,” असं इराला समजावून सांगितलं. ऑलिव्हच्या तेलाचा डबा आला तो आधी रात्रभर फ्रीजमध्ये गेला, कारण अस्सल तेल गोठतं असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तेल गोठलं. मग ज्यानं सांगितलं त्याचाच संशय आला.

आणि मग बेझिल, म्हणजे या सॉसमध्ये घालतात ती विलायती पानं. ते तुळशीच्या कुळातलं असतं एवढं कुठून तरी कळलं, आणि त्यांनी गच्चीवरच्या कृष्णतुळशीची ओंजळभर पानं खुडून सॉसमध्ये घातली. तुम्हाला आठवत असेल. ओमनं एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आजी, मला सर्दी झालीय का?” सगळ्या घरात काढ्याचा वास कोंडला होता आणि खालचे आजोबा म्हणत होते, “पोरगं बहाना करतंय.” माझी शंका आणखी घट्ट झाली. दोन दिवसांनी ती उरलीच नाही. मी वर कपडे वाळत घालत होते आणि जिन्यातून करपल्याचा वास वर आला. खाली जाऊन पाहते तर ते पातेल्याशी उभे, कान जवळ नेऊन ऐकताहेत आणि डाव फिरवताहेत, बुडाशी सगळं काळं.

तुम्ही दोघं गॅलरीत होतात. मी गॅस बंद केला आणि हळूच विचारलं, “अण्णा, नाक कधीपासून गेलंय?”

“कुनी सांगितलं?”

“कुणी नाही. करपल्याचा वास वरपर्यंत आला.”

“जिन्यात कोन कोन होतं?”

“मी एकटी.”

त्यांनी गॅलरीचं दार लोटलं. “तापात गेलं, वैनी. बाकी समदं परत आलं, त्येवढं न्हाई आलं. मुलाला बी सांगितलं न्हाई. पेठंत कळलं तर माझ्या शब्दाला काय ऱ्हाईल?”

मी म्हटलं, मग हा सॉसचा उद्योग कशाला? जे येत नाही तेच करायचा हट्ट का? त्यांनी पातेलं उतरवून मोरीत ठेवलं. “हळदीचा वास डोस्क्यात हाय,” ते म्हणाले. “पोतं उघडलं की त्यो येत न्हाई, अन् वाटतं कुनीतरी फसवतंय मला. आमटीचं तेच, दुधाचं तेच. ह्या सॉसचा वास मला ठावाच न्हवता. ह्येच्यात फसवनूक न्हाई.”

त्यानंतर जो खेळ सुरू झाला तो तुम्हाला खेळ वाटला, पण तो खेळ नव्हता. हळदीच्या सौद्यात पूर्वी रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव सांगत, म्हणजे शेजारच्याला कळायचा नाही. त्यांनी तुम्हाला तेच शिकवलं. सॉस तयार झाला की आधी इरानं वास घ्यायचा आणि रुमालाखाली त्यांची बोटं दाबायची, मग ओमनं. एक बोट म्हणजे वाईट, पाचही म्हणजे उत्तम. एकाचं बघून दुसऱ्यानं सांगू नये म्हणून हा बंदोबस्त, आणि तरी ओमला आधी जिन्यात उभं करत. तुमचा भाव जुळला तरच ते मानायचे.

“का रं गड्या, दोनच?”

“आजोबा, पोट दुखल्यावर आजी देते ना, तसा वास येतोय.”

दुसऱ्या दिवशी, ओरेगॅनोच्या जागी ते घालत ती ओव्याची पानं निम्मी झाली. तुळस जाऊन सब्जा आला. उन्हाळ्यात सरबतात आपण ज्याच्या बिया घालतो तेच झाड. त्याची पानं हातानं तोडून, गॅस बंद केल्यावरच घालायची. लसणाऐवजी चिमूटभर हिंग, आंबटपणा मारायला गुळाचा लहान खडा. आच इतकी मंद, की पातेल्यातून आधी रटरट येते आणि मग एकेक बुडबुडा जाड होऊन फुटतो. तो आवाज बदलला की सॉस झाला, हे त्यांनी कानानं शोधून काढलं. परत जायच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघांनी पाचही बोटं दाबलीत. त्यांनी रुमालाची घडी घातली आणि सूर्य बघायला गॅलरीत गेले. तो मावळायला अजून बराच अवकाश होता.

आता सोमवारचं. पेठेतले दोन व्यापारी भाऊ वेगळे होताहेत आणि वखारीतली हळद कुबट झाली आहे की नाही यावर त्यांचं अडलं. अण्णा सांगतील ते मान्य, असं दोघं म्हणाले आणि त्यांना गाडीतून पेठेत घेऊन गेले. त्यांनी हळकुंड मोडलं, ऐकलं, रंग पाहिला. एवढ्यावर त्यांनी आजवर वेळ मारून नेली होती, आणि बहुतेक वेळा बरोबरही निघाले होते. हळकुंड नाकाशी धरून ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मग ते खाली ठेवून म्हणाले, “माझं नाक गेलंय. दुसऱ्या कुनाला दाखवा.” त्याच संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला हे सांगितलं.

“मग लोक काय म्हणाले?” मी विचारलं.

“थोरला भाऊ म्हनला, अण्णा, बाकी समदं शाबूत हाय की.” मग ते म्हणाले, “त्यो असं का म्हनला आसंल, वैनी?”

त्यानंतर आठवडाभर नमुना घेऊन कुणी आलं नाही. ते मात्र सकाळी स्वच्छ शर्ट घालून गॅलरीत बसतात आणि खाली गाडी थांबली की वाकून बघतात. काल रविवारी त्यांनी सॉस केला आणि मला बोलावलं. मी वास घेतला आणि रुमालाखाली त्यांची पाचही बोटं दाबली. त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, “मोठी मानसं दया करून बोटं दाबत्यात. पोरं कवा येनार?”

तो प्रश्न मी या पत्रातून पुढे पाठवते आहे. तिकीट तुमच्या आईबाबांच्या हातात आहे. खालच्या आजोबांचं नाक परत आलेलं नाही. सॉस मात्र अजून दर रविवारी होतो आणि उत्तम होतो. हे मी दया करून लिहीत नाही.