चाचांचा पॅरिसवाला

काम सुरू करण्याआधी चाचा पियानोच्या झाकणावर दोनदा टकटक करायचे. "उठ रं, पॅरिसवाल्याचं काम हाय," म्हणायचे.

हा पॅरिसवाला म्हणजे एकोणिसाव्या शतकातला एक फ्रेंच संगीतकार. स्वतः जबरदस्त पियानो वाजवायचा. चाचांना त्याची एकच रचना येत होती, काम संपलं की तीच वाजवायचे, पण बोलायचे असे, की गृहस्थ कशेळ्यात त्यांच्या शेजारीच राहत असावा. "ऐन भरात हुता, अन् लोकांत वाजवायचं सोडलंन. वर्सानुवर्सं घरात लिवत बसला. म्हातारपणी परत आला बघ!" हे सांगताना दरवेळी तितकेच खूश.

मी कळंबला एका बंगल्याची देखरेख करतो. मालकांचा पियानो दमट हवेत सारखा उतरायचा आणि चाचा कशेळ्याहून जीपने येऊन तो सुरात लावायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मी चहा पुढे केला तर "गप रं, तार बोलतेय" म्हणून मलाच दटावायचे.

मग त्यांचे कान गेले. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पियानो बेसूर वाजतो अशी मालकांच्या मुलीने तक्रार केली, तेव्हा मी शहाणपणा केला. शुक्रवारी चाचांना बोलवायचो आणि शनिवारी मुंबईच्या एका माणसाला, चाचांचं काम निस्तरायला. दोन वर्षं हे खपलं. मला वाटायचं, मी त्यांचा मान राखतोय.

एका शनिवारी चाचा दारात उभे. तारा पिळायची किल्ली विसरली होती. आत तो माणूस पियानो उघडून बसलेला.

"किती दिस चाललंय ह्ये?"

"दोन वर्षं, चाचा."

त्यांना ऐकू गेलं नाही. मला ते ओरडून सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगायची वेळ कुणावर येऊ नये.

"झालं तुजं? मग ऊठ जरा," ते त्या माणसाला म्हणाले आणि बसले. पॅरिसवाल्याची रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. बोट एकदाही चुकलं नाही. दोन वर्षं मी ती त्यांनीच लावलेल्या बेसूर पियानोवर ऐकत होतो. ती इतकी सुंदर आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

"कसं वाजलं रं?"

"झकास!" मी ओरडलो.

"खोटं नाय ना?"

"नाही, चाचा!"

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग किल्ली त्या माणसाच्या हातात देऊन निघून गेले. परत आले नाहीत. यंदा वारलेच.

खरंच झकास वाजलं होतं हो. पण त्यांनी माझं का मानावं?