स्टेनवरने बंद केलेली खाडी

स्टेनवर आमच्या खाडीवरची मत्स्य निरीक्षक. जन्म इथलाच, कल्दुनेसचा. पहिली नोकरीही इथल्याच कोळंबीच्या कारखान्यात. मग दक्षिणेला जाऊन शिकून आली आणि बोटींवर चढून मासे मोजू लागली. मी बंदरातल्या वजनकाट्यावर असायचो, त्यामुळे तिचं येणं-जाणं माझ्या डोळ्यांसमोरचं.

लग्न तिने केलं नाही. आई गेल्यावर आपलं म्हणावं असं माणूस एकच उरलं, धाकटा भाऊ ब्रिनलेवुर. त्याची कोळंबीची बोट होती. रविवारी तो तिच्याकडे जेवायला जायचा. दोघंही अबोल, पण त्या न बोलण्याचा त्यांना कधी त्रास झाला नाही.

त्या काळात खाडीचं पाणी हळूहळू उबदार होत चाललं होतं. हात घालून कळावं इतकं नव्हे, पण बाहेरच्या समुद्रातला कॉड मासा आत शिरून राहू लागला. तो कोळंबी फस्त करायचा, आणि त्याची बोटाएवढी पिल्लं कोळंबीबरोबर जाळ्यात यायची. पिल्लं प्रमाणाबाहेर आली की ती जागा मासेमारीला बंद, हा नियम सगळ्यांना पाठ होता.

हिवाळ्याच्या तोंडावर स्टेनवरची पाळी ब्रिनलेवुरच्या बोटीवर आली. तिने खात्याला फोन केला, "सख्ख्या भावाची बोट आहे. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा." पण गावाकडे येणारी खिंड बर्फाने बंद. तूच जा म्हणाले.

बोटीवर काय झालं ते मला तिथल्या खलाशाने, केटिलने सांगितलं. पहिलं जाळं वर आलं आणि डेकवर कोळंबीपेक्षा पिल्लंच जास्त वळवळू लागली.

"स्टेना, एखादं जाळं येतं असं," ब्रिनलेवुर म्हणाला. "पुन्हा टाकतो, मग मोज."

"टाक."

दुसरं त्याहून वाईट आलं.

"आता?"

"आता कळवते."

"कारखान्यात आपल्याच बाया उभ्या आहेत. त्यांना काय सांगशील?"

"तुला सांगतेय तेच."

"आई असती तर हे केलं असतंस?"

स्टेनवर मोजपट्टी पुसत होती. पुसता पुसता थांबली. "माहीत नाही रे," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी रेडिओवर खाडीचा आतला भाग बंद झाल्याचं आलं. पुढच्या वर्षीच्या पाहणीत कोळंबी नावापुरतीच सापडली, आणि सगळी खाडीच बंद झाली. मग कारखाना. यंत्रं ट्रकमधून गेली, त्यांच्यामागे घरंही एकेक करून रिकामी झाली. पाणी बदललंय हे सगळ्यांना समजत होतं. पण पाण्यावर राग काढून कुणाचं समाधान होत नाही, समोर माणूस लागतं.

गावच्या गरम पाण्याच्या तलावात आम्ही सगळे संध्याकाळी गळ्यापर्यंत बुडून गप्पा मारायचो. स्टेनवर आली की कारखान्यात काम केलेली थोरगेर्दुर ओरडायची, "अगं ए, आम्हाला नको मोजूस! आम्ही पुरेसे मोठे आहोत!" सगळे हसायचे. सुरुवातीला तीही हसली. नंतर ती सकाळी, तलावात कुणी नसताना पोहून जाऊ लागली.

ब्रिनलेवुरने बोट विकली आणि पूर्वेकडे मोठ्या बोटीवर कप्तान म्हणून गेला. निघताना मी विचारलं, "बहिणीला सांगितलंस का?"

"तिला रेडिओवर कळेल."

खात्याने तिला राजधानीत बदली देऊ केली होती. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "जा की. काय ठेवलंय इथे?"

"तिकडे मला कोण ओळखतं?"

"इथे ओळखतात म्हणूनच तर तुझ्याशी धड बोलत नाहीत."

"हो. पण ओळखतात."

बरीच वर्षं गेली. एका वादळात आसरा घ्यायला पूर्वेकडची एक बोट आमच्या धक्क्याला लागली. कठड्याशी ब्रिनलेवुर उभा, दाढी पांढरी झालेली. धक्क्यावर मी आणि स्टेनवर. भावाला बघून ती जागीच थबकली.

"ये," तो म्हणाला. "मोज."

"माल इथे उतरवणार नाहीस. मोजायची गरज नाही."

"तरी ये."

ती चढली. बर्फात मांडलेले कॉड तिच्या हाताएवढे लांब होते. ब्रिनलेवुर म्हणाला, "बाहेर उत्तरेला मिळाले. तू वाचवलेली पिल्लंच असतील यात."

टोमणा होता की समेट, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

"तसं सांगता येत नाही," ती म्हणाली. "कुठला मासा कुठून आला, कुणाला ठाऊक."

हो म्हणाली असती तर काय बिघडलं असतं, असं मला अजून वाटतं. पण खोटं श्रेय तिला घेता येत नव्हतं.

उतरताना ती म्हणाली, "कोकराच्या मटणाचं सूप करतेय. ये."

"बघतो."

पहाटे वारा पडला आणि बोट निघून गेली. मी काट्यावर पोचलो तेव्हा धक्का रिकामा होता. दुपारी तिच्या घरी गेलो. टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या, सूपवर चरबीचा पांढरा थर धरलेला.

"पहाटेच गेला ना?" तिने विचारलं.

"हो."

तिने भांडं शेगडीवर ठेवलं. मी मांडलेल्या ताटलीसमोर बसायला गेलो, तशी ती म्हणाली, "तिथे नको, या बाजूला बस." आणि माझ्यासाठी कपाटातून तिसरी ताटली काढली.